काळ्या खिडकीतले पुसेगाव

नुसते 'पुसेगाव' म्हटले की महाराष्ट्रातल्या बहुतेकांना सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे गाव आठवते. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातही एक पुसेगाव आहे, हे ठाऊक असणारे त्या मानाने थोडे. दोन्ही नावे लिहायला अगदी सारखी. आता समजा, हळदीच्या लागवडीवर कुणी वीस स्लाइडची पीपीटी केली आहे. तिसऱ्या स्लाइडवर महाराष्ट्राचा नकाशा आहे, त्यावर एक लाल ठिपका आहे आणि ठिपक्याला चिकटून एकच शब्द आहे, 'पुसेगाव'. स्लाइड समोर असलेल्याला काही विचारावे लागत नाही. ठिपका मराठवाड्यात आहे हे दिसतेच. पण हीच फाइल दूरच्या एखाद्या सर्व्हरवर पडलेली असेल आणि तिथे पोचायला टर्मिनल, म्हणजे अक्षरांची ती काळी खिडकी, एवढेच साधन असेल, तर नेहमीचा सल्ला मिळतो तो असा : फाइलमधला मजकूर उपसून काढा आणि वाचा. तसे केले की हाती येते नुसते 'पुसेगाव'. ठिपका गेला, नकाशा गेला, आणि हळद खटावला पोचली.

हा सल्ला इंग्रजी मजकुराला बऱ्यापैकी लागू पडतो, म्हणून तो सगळीकडे लागू आहे असे गृहीत धरले जाते. मराठी स्लाइडच्या बाबतीत तो जवळजवळ प्रत्येक पायरीवर फसतो. त्याच्या उलटा मार्ग असा की आधी स्लाइडचे चित्र करायचे आणि मग ते चित्र टर्मिनलमध्ये दाखवायचे. संगणकवेड्यांचा फावल्या वेळचा खेळ म्हणून याकडे पाहिले जाते. मराठीपुरता मात्र तोच सरळ मार्ग आहे, असे मला वाटते, आणि त्याची कारणे लिपीत, यंत्राच्या इतिहासात आणि थोड्याशा अंकगणितात आहेत.

टर्मिनल हे मुळात टेलिप्रिंटरचे वारस. कागदावर ठोकणाऱ्या यंत्राच्या जागी काचेचा पडदा आला, पण हिशेब टाइपरायटरचाच राहिला : पडदा म्हणजे चौकटीची वही, एका घरात एक अक्षर, सगळी घरे सारख्या रुंदीची. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, अर्थात डेक, या अमेरिकी कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलवर ८० रकाने आणि २४ ओळी होत्या. आजच्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडले तरी खिडकी बहुधा त्याच मापाची उघडते. ८० हा आकडा तर त्याहून जुना, आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डापासून चालत आलेला. या वहीत रोमन अक्षरे सुखाने राहतात, कारण ती एकमेकांना धरून चालत नाहीत. देवनागरीचे तसे नाही. 'पुसेगाव', 'हिंगोली' आणि 'क्षेत्र' हे तीन शब्द घ्या. युनिकोडमध्ये तिन्ही शब्दांना बरोबर सात-सात संकेत लागतात. आपल्या डोळ्यांना मात्र पहिल्यात चार अक्षरे दिसतात, दुसऱ्यात तीन आणि तिसऱ्यात दोन. टर्मिनलवर कुठला संकेत किती घरे घेणार हे प्रोग्राम एका ठरीव कोष्टकावरून मोजतो. त्या प्रचलित हिशेबात उकार, एकाराची मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना शून्य घरे, तर काना, वेलांट्या आणि ओकार यांना एकेक घर. त्यामुळे 'पुसेगाव'ला पाच घरे मिळतात, 'हिंगोली'ला सहा, 'क्षेत्र'ला चार. संकेत सात, अक्षरे चार-तीन-दोन, घरे पाच-सहा-चार : या तीन आकड्यांचा एकमेकांशी मेळ बसेल असे कुठलेही सूत्र नाही. 'हिंगोली'मध्ये तर आणखी एक गोम आहे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात आणि संकेतक्रमात 'ह'च्या नंतर येते, पण काढायची 'ह'च्या आधी. एका घरातले चिन्ह मागच्या घरात नेऊन बसवायचे, ही कल्पना टेलिप्रिंटरच्या वंशजाला मानवत नाही. साध्या टर्मिनलमध्ये ती वेलांटी 'ह'च्या पुढे लोंबकळत राहते, 'क्षेत्र'चा 'क' पाय मोडून उभा राहतो, आणि ओळीच्या शेवटी कर्सर भलत्याच ठिकाणी लुकलुकतो.

यंत्राचे आणि देवनागरीचे हे भांडण संगणकापासूनचे नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळाप्रेस म्हणजे अख्ख्या पानाचे चित्र दगडावर काढायचे आणि त्याचा ठसा घ्यायचा. जोडाक्षर असो की कोष्टक, दगडाला सगळे सारखेच. पंचांगासारखे रकान्यांनी आणि आकड्यांनी भरलेले पान खिळे जुळवून उभे करण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे. पुढे खिळ्यांची छपाई रुळली, तशी शेकडो खिळ्यांची डोकेदुखीही आली, आणि मग लिपीच कमी करावी अशी चळवळ उभी राहिली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारलेली 'अि, अी, अु' ही अ-ची बाराखडी त्याच गरजेतून आली. या सुधारकांचा हेतू चांगला होता आणि त्यांचा हिशेबही चुकीचा नव्हता. पण लोकांनी 'इ' आणि 'उ' सोडले नाहीत. लिपी यंत्राच्या मापाला कापण्याचा मार्ग मराठीने आजमावून सोडून दिला आहे, ही गोष्ट टर्मिनलचा विचार करताना लक्षात ठेवलेली बरी.

दुसरा मार्ग पुण्यातून गेला. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जे काम झाले, त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तिथे आले आणि 'जिस्ट' या नावाने वाढले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की रोमन अक्षरांसाठी लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामांतही देवनागरी दिसू लागे. युनिक्स यंत्रांना जोडता येतील अशी जिस्ट टर्मिनलेही निघाली. त्यामागची युक्ती आजच्या विषयाच्या थेट मुळाशी जाते. प्रोग्राम उच्चारक्रमाने साधे संकेत पाठवी. हे संकेत पुढे इस्की या नावाने भारतीय मानक झाले, आयएस १३१९४, साल १९९१. ते संकेत घेऊन वेलांटी मागे नेणे, जोडाक्षर बांधणे, आकार काढणे ही कामे कार्ड करी. म्हणजे प्रोग्रामच्या समजुतीने मजकूर, पडद्यावर चित्र. जिस्ट या लघुरूपातला पहिलाच शब्द 'ग्राफिक्स' आहे. संगणकाच्या काळ्या पडद्यावर मराठी पहिल्यांदा धड उमटली ती चित्राच्या वाटेने. चित्राची वाट ही मराठीसाठी तडजोड आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा क्रम नीट पाहावा.

आता फाइलकडे वळू. २००७ पासूनची पीपीटीएक्स फाइल ही खरे तर एक झिप पेटी असते. नाव बदलून उघडली की आत प्रत्येक स्लाइडसाठी एक मजकुराची फाइल दिसते, आणि त्या फाइलीत प्रत्येक चौकट कुठे, किती मोठी, तिच्यात काय लिहिले आहे हे नोंदलेले असते. मापे इतकी बारीक की एका इंचाचे ९,१४,४०० भाग केलेले. हे पाहून वाटते की मजकूर तर अगदी हाताशी आहे, उचलायचा आणि वाचायचा. पण चौकटी त्या फाइलीत वाचनाच्या क्रमाने नसतात. त्या रंगवण्याच्या क्रमाने असतात : जी आधी काढायची ती आधी, जी सर्वांत वर दिसायची ती शेवटी. शीर्षक सगळ्यात मागून टाकले असेल तर उपसलेल्या मजकुरातही ते तळाला येणार. बाणांनी जोडलेल्या पाच चौकटी, म्हणजे बेणे, लागवड, काढणी, शिजवणे, वाळवणे, उपसल्यावर कुठल्याही क्रमाने येऊ शकतात, आणि बाण तर येतच नाहीत. हळद वाळवून मग शिजवावी, असे वाचून कुणी हसेल. पण कीडनाशकाच्या फवारणीचा क्रम असा उलटला तर हसण्यावारी नेता येणार नाही.

याहून मोठी अडचण फाँटची. महाराष्ट्रात युनिकोड रुळण्यापूर्वीच्या, आणि कित्येक ठिकाणी रुळल्यानंतरच्याही, ढीगभर मराठी फाइली श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी सुरेख अशा फाँटांत पडून आहेत. या फाँटांची रचना अशी की फाइलीत प्रत्यक्ष साठवलेले असतात रोमन अक्षरांचे संकेत. फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो, एवढेच. मजकूर उपसला की फाँट गळून पडतो आणि उरते रोमन अक्षरांची व चिन्हांची रद्दी. ती परत मराठीत आणायला त्या-त्या फाँटचा वेगळा रूपांतरक लागतो, आणि एका स्लाइडवर तीन फाँट असले तर तीन. चित्राला यातले काही लागत नाही. अट एकच : ज्या यंत्रावर तो फाँट आहे, तिथेच चित्र झाले पाहिजे. युनिकोडमधल्या मराठीचेही सगळेच मजकुरात उतरत नाही. मराठी वळणाचा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श', ज्यांचा राज्य शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात आग्रह धरला, त्यांना युनिकोडमध्ये हिंदी वळणाच्या 'ल', 'श'पेक्षा वेगळा संकेत नाही. कुठले रूप काढायचे हे फाँट आणि भाषेची खूण मिळून ठरवतात. मजकूर कितीही काळजीने उपसला तरी हा फरक त्यात नसतोच.

चित्र करायचे कसे? पायऱ्या तीनच. लिब्रेऑफिस हे सॉफ्टवेअर खिडकी न उघडता, नुसत्या आज्ञेवर चालवता येते. त्याच्याकडून पीपीटीची पीडीएफ करून घ्यायची. पीडीएफच्या प्रत्येक पानाचे पॉप्लर या संचातल्या साधनाने पीएनजी चित्र करायचे. मग चाफा, टिमग किंवा लिबसिक्सेल यांपैकी एखाद्या साधनाने ते चित्र टर्मिनलमध्ये ओतायचे. मधली पीडीएफ अनेकांना फुकटची फेरी वाटते. पण लिब्रेऑफिसला थेट चित्र मागितले तर ते पहिल्या स्लाइडचे चित्र देऊन थांबते. सगळ्या स्लाइड हव्या तर पीडीएफमधून जाणे भाग आहे. गडबड होते ती पहिल्याच पायरीवर. सर्व्हरवर देवनागरी फाँट बसवलेला नसला तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनी डब्या येतात. विंडोजवर केलेल्या पीपीटीत बहुधा मंगल हा र. कृ. जोशींनी रेखलेला फाँट असतो; लिनक्सवर तो नसल्याने त्याची जागा लोहित किंवा नोटो घेतात. अक्षरे नीट येतात, पण रुंदी वेगळी असल्याने ओळी भलतीकडे तुटतात आणि चौकटीच्या तळातून मजकूर सांडतो. म्हणून ज्याने पीपीटी केली त्यानेच, त्याच्याच यंत्रावर, पीडीएफ करून ती सोबत ठेवावी. हा सगळ्यांत कमी खर्चाचा उपाय आहे आणि नेमका तोच कुणी करत नाही.

आता प्रश्न येतो अंकगणिताचा, आणि इथे चित्राच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हात आखडता घ्यायला हवा. टर्मिनलमध्ये चित्र दाखवण्याची सर्वांत जास्त ठिकाणी चालणारी युक्ती म्हणजे अर्धठोकळा. युनिकोडमध्ये असे एक चिन्ह आहे ज्यात घराचा वरचा अर्धा भाग भरलेला आणि खालचा रिकामा असतो. अक्षराला एक रंग आणि पार्श्वभूमीला दुसरा रंग दिला की एका घरात एकावर एक दोन रंगीत ठिपके मिळतात. टर्मिनलचे घर साधारण रुंदीच्या दुप्पट उंच असते, त्यामुळे हे ठिपके जवळपास चौरस पडतात. ८० रकान्यांत १६:९ मापाची स्लाइड बसवली तर ८० गुणिले ४५ ठिपके मिळतात. पूर्ण पडद्यावर, १९२० गुणिले १०८०, त्याच स्लाइडला वीस लाखांवर ठिपके असतात. म्हणजे मूळच्या ५७६ ठिपक्यांची सरासरी काढून एक ठिपका उरला. स्लाइडची उंची साडेसात इंच, म्हणजे ५४० पॉइंट. ती ४५ ठिपक्यांत बसवायची तर एका ठिपक्याच्या वाट्याला १२ पॉइंट येतात. २४ पॉइंटचा मजकूर दोन ठिपक्यांच्या उंचीत कोंबला जातो आणि ४४ पॉइंटच्या ठळक शीर्षकालाही पुरते चार ठिपके मिळत नाहीत. रोमन अक्षर सात ठिपक्यांच्या उंचीत वाचता येते, हे जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांनी दाखवले आहे. देवनागरीला तेवढ्यात भागत नाही : वर मात्रा, वेलांटी किंवा रफार, मग शिरोरेषा, मग अक्षराचे अंग, खाली उकार. चार मजल्यांची ही इमारत डझनभर ठिपक्यांखाली वाचण्याजोगी राहत नाही. त्यातही पहिला बळी शिरोरेषेचा. २४ पॉइंटच्या अक्षरातली ती दोनेक पॉइंट जाडीची रेघ १२ पॉइंटच्या ठिपक्यात मिसळते, तेव्हा तिचा करडा धूर होतो. शिरोरेषा विझली की 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांना वेगळे ठेवणारी खूणच जाते. तिथला तुटकपणा हीच तर त्यांची ओळख.

अर्धठोकळ्यापेक्षा बारीक युक्ती म्हणजे ब्रेलची चिन्हे. युनिकोडमध्ये आठ टिंबांच्या सगळ्या २५६ जुळण्या दिल्या आहेत, एका घरात आडवी दोन आणि उभी चार. त्याच ८० रकान्यांत मग १६० गुणिले ९० टिंबे मिळतात. २४ पॉइंटच्या अक्षराला उंचीत चार. अजूनही अपुरेच, आणि एका घराला अक्षराचा रंग एकच असल्याने रंगसंगतीही हातची जाते. खिडकी २६० रकाने आणि ७३ ओळींपर्यंत ताणली, अक्षरे बारीक केली, तर तेरा टिंबे मिळून कसेबसे वाचता येते. खऱ्या अर्थाने वाचायचे असेल तर ठोकळे आणि टिंबे सोडून टर्मिनलला सरळ चित्र द्यायला हवे, आणि त्याची सोयही जुनीच आहे. डेकनेच १९८० च्या दशकात सिक्सेल नावाची पद्धत आणली. नावात सहा आहे ते असे की उभ्या सहा टिंबांची एक पट्टी एका अक्षराने सांगायची. सहा टिंबांच्या ६४ जुळण्या होतात. सगळी टिंबे रिकामी असली तर प्रश्नचिन्ह, सगळी भरलेली असली तर लाटेसारखी वाकडी रेघ, आणि अधल्यामधल्या अवस्थांना आस्कीमधली या दोघांमधली चिन्हे. मजकूर वाहून नेणाऱ्या तारेवरूनच चित्र गेले. टर्मिनलला त्यातले खरे टिंब न् टिंब रंगवता येते. घर १० गुणिले २० ठिपक्यांचे धरले तर ८० रकान्यांत ८०० गुणिले ४५० ठिपक्यांची स्लाइड बसते. पीडीएफचे पान इंचाला ६० ठिपके या हिशेबाने काढले तर नेमके हेच माप येते, आणि २४ पॉइंटच्या अक्षराला २० ठिपके मिळतात. मात्रा, रफार, उकार, सगळे जागच्या जागी. कॅलिबर हे ई-पुस्तकांचे सॉफ्टवेअर लिहिणारे कोविद गोयल यांच्या किटी या टर्मिनलने चित्रांची आणखी एक, सिक्सेलपेक्षा मोकळी पद्धत आणली. त्यात रंगांची काटकसर करावी लागत नाही. आणि कित्येक वर्षे अडगळीत पडलेले सिक्सेल २०२४ मध्ये विंडोज टर्मिनलमध्येही दाखल झाले.

यावर पहिला आक्षेप साहजिकच असा : एवढे उपद्व्याप कशाला? फाइल आपल्या यंत्रावर उतरवा आणि उघडा. ज्याच्या हातात जलद नेट आणि नीट पडदा आहे त्याने तेच करावे, वाद नाही. पण टर्मिनल हे गरिबाघरचे साधन आहे, ही समजूत चुकीची. हिंगोली जिल्ह्यातच, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे : चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले सुमारे २,६०० कोटी रुपये. अशा प्रकल्पांची गणिते टेबलावरच्या संगणकावर होत नाहीत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यासाठी सारथी नावाचा संगणकसमूह आहे, आणि जगभरातल्या अशा समूहांत शिरायचे दार टर्मिनल हेच असते. तिथे पडदा नसतो, माऊस नसतो. दोनशे मेगाबाइटच्या पाच पीपीट्यांपैकी कुठली शेवटची हे पाहायला पाचही उतरवण्यापेक्षा पहिल्या स्लाइडचे चित्र तिथल्या तिथे काढून पाहणे शहाणपणाचे, आणि ओळख पटवण्यापुरते तर अर्धठोकळेही पुरतात.

मात्र 'टर्मिनलमधले चित्र हलके असते' हा या मार्गाच्या समर्थकांचा लाडका दावा खरा नाही, हे सांगून टाकायला हवे. अर्धठोकळ्याच्या एका घराला अक्षराचा रंग सांगायला जास्तीत जास्त १९ बाइट, पार्श्वभूमीचा रंग सांगायला तितकेच, आणि चिन्हाला ३, एकूण ४१. ८० रकाने आणि २३ ओळींचे १,८४० घरांचे चित्र झाले ७५,४४० बाइटचे. सलग रंग असला तर हे बरेच कमी होते, पण वरची हद्द हीच. पूर्वीच्या ९६०० वेगाच्या तारेवर, जिथे सेकंदाला ९६० अक्षरे जात, एवढ्याला सव्वा मिनिटाहून जास्त लागले असते. किटीच्या पद्धतीत पीएनजी जाते, पण बेस-६४ या अक्षरसंकेतात गुंडाळून, म्हणजे मूळ आकाराच्या एक तृतीयांशाने फुगून. बचत होते ती जड फाइल सर्व्हरवरच राहते म्हणून. टर्मिनलला त्याचे श्रेय नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आजची टर्मिनले पूर्वीसारखी अडाणी राहिलेली नाहीत. हार्फबझसारखी अक्षरबांधणीची साधने वापरून त्यांपैकी काही जोडाक्षरे नीट काढतात. मग देवनागरी मजकूर सरळ का दाखवू नये? खरे आहे, काढतात. पण टर्मिनलने 'क्षेत्र' दोन अक्षरांत सुंदर बांधला तरी पलीकडच्या सर्व्हरवरचा प्रोग्राम त्याची चारच घरे मोजतो, आणि पुढचा शब्द पाचव्या घरातच ठेवतो. मग एक तर मध्ये पोकळी राहते, नाही तर अक्षरे ओढूनताणून पसरावी लागतात. दोन यंत्रांनी एकच मोजमाप मानले तरच हे सुटेल, आणि ती दोन यंत्रे वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या साली लिहिलेली असतात. एकेका ओळीचा मजकूर असेल तर ही पोकळी सहन होते. हळदीच्या बाजारभावाचा तक्ता असेल, सहा रकान्यांचा, तर प्रत्येक ओळ वेगवेगळ्या ठिकाणी सरकते आणि भाव कुठल्या महिन्याचा हेच कळेनासे होते.

तिसरा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. चित्रात शोध घेता येत नाही, त्यातून ओळ उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही, आणि दृष्टिहीन माणसाच्या वाचक-प्रोग्रामला त्यात काहीही सापडत नाही. ब्रेलच्या चिन्हांनी काढलेले चित्र तर त्याच्यासाठी क्रूर थट्टाच ठरते : ज्या लिपीने त्याला वाचायचे, तिच्याच टिंबांचा निरर्थक पाऊस त्याला ऐकवला जातो. म्हणून चित्राबरोबर मजकूरही ठेवला पाहिजे. पण तो पीडीएफमधून आपोआप मिळेल अशी आशा धरू नये; देवनागरी पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरे फुटतात, हा रोजचा अनुभव आहे. जुन्या फाँटच्या स्लाइडसाठी तर उलटाच रस्ता जास्त भरवशाचा : आधी इंचाला ३०० ठिपक्यांचे ठसठशीत चित्र करायचे, आणि मग टेसेरॅक्टसारख्या, मराठी येणाऱ्या अक्षरओळख प्रोग्रामकडून त्या चित्रातला मजकूर वाचवून घ्यायचा. चुका होतील, तपासावे लागेल. तरी रोमन रद्दीपेक्षा ते हजारपटीने बरे, आणि तिथेही मजकूर मिळतो तो चित्रातूनच.

पुन्हा त्या तिसऱ्या स्लाइडकडे येऊ, आणि मुद्दाम सगळ्यांत वाईट परिस्थिती घेऊ : ८० रकाने, अर्धठोकळे, सिक्सेल नाही, किटी नाही. महाराष्ट्राची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ७२० किलोमीटर. ती ४५ ठिपक्यांच्या उंचीत बसवली तर एका ठिपक्याला १६ किलोमीटर आले. 'पुसेगाव' हा शब्द आता वाचता येत नाही, नकाशाच्या पोटात एक करडा डाग तेवढा उरतो. हिंगोली जिल्हा, १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा, अठराएक ठिपक्यांत आटोपतो. लाल ठिपका मात्र लालच असतो. आणि तो खटावच्या जागेपासून सतराएक ठिपके उजवीकडे नि चौदाएक ठिपके वर, विदर्भाच्या सीमेला टेकल्यासारखा बसलेला असतो.